मोहाखालचे बाबा

माझे वडील एकदा सकाळी वारले आणि जेवायच्या वेळेला घरी आले. मधल्या वेळात त्यांना मारण्याचं काम मी केलं.

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सावली तालुक्यातलं आमचं गाव वाटेवर काट्या टाकून बंद केलेलं. नागपूरची नोकरी सुटली म्हणून मी परतलो, तर आधी शाळेत कोंडलं (वर्गात मी आणि एक पाल!) आणि या गोष्टीच्या आदल्या संध्याकाळीच सोडलं. सकाळी बँकेचा माणूस अंगठ्याचं मशीन घेऊन आला. सरकारने शेतकऱ्यांच्या खात्यात टाकलेली मदत तो दारात देणार होता, पण फक्त आज. आमचं धानाचं बियाणं त्याच पैशांवर यायचं होतं.

"बाबा मोहं वेचाले गेले," आई म्हणाली. "पळ, घेऊन ये! तो मानूस थांबनार नाई!"

मी तोंडाला गमछा बांधून पळालो. जंगलात पानं जाळल्याचा धूर साचला होता. एकही पाखरू ओरडत नव्हतं. पुढे मोहाखाली बाबा उकिडवे बसलेले, तोंड माझ्याकडे.

"बाबा!"

मी पुन्हा हाक मारली.

"बाबा, पैसे आले!"

पैसे म्हटल्यावरही हलले नाहीत, तेव्हा मी निरखून पाहिलं. डोळे सताड उघडे, पापणी लवेना. चेहरा पांढराफटक, पिकलेली मिशी एकदम काळीभोर! हात मात्र चालू होते, पण ते पाठीमागच्या बाजूला फुलं वेचत होते. मी खाली पाहिलं. तोंड माझ्याकडे आणि टाचाही माझ्याकडे! उलट्या पायांचं कोण असतं, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मी रडत, ठेचकाळत गावात आलो. "बाबा गेले!"

आईने हंबरडा फोडला. शेजारी धावले (हातभर अंतर ठेवून). बँकवाल्याने मशीन बंद केलं.

"मयताचे पैसे मले देता येत नाई जी. वारसाची नोंद करा लागन."

आई रडायची थांबली आणि त्याची बॅग धरून बसली.

तेवढ्यात टोपली घेऊन, धापा टाकत बाबा आले. अर्धी आळी घरात पळाली!

"जंगलात चकवा होता!" बाबा म्हणाले. "पोराच्या आवाजात मांगून हाका मारून राह्यला होता. मी काई ओ देल्ली नाई!" (रानात मागून तिसरी हाक येईपर्यंत ओ द्यायची नाही, हा आमचा नियम. चकवा दोनदाच हाक मारतो म्हणे. मीही दोनदाच मारली होती.)

टोपली ठेवायला बाबा वळले आणि त्यांच्या डोक्याच्या मागून तो मिशीवाला चेहरा आम्हा सगळ्यांकडे पाहू लागला. मुखवटा! वाघ मागून येतो, चेहरा दिसला की बिचकतो, म्हणून मी शाळेत कोंडलेला असताना वनरक्षकाने मोहं वेचणाऱ्यांना वाटलेला. मला इतका आनंद झाला की मी पुन्हा रडलो.

बँकवाला मात्र घाबरलेलाच. "हे जित्ते हायेत, असं घरच्या कोनी सांगा."

मी पुढे झालो.

"त्याले नोका इचारू!" आई कडाडली. "बापाची पाठ कोनती अन् तोंड कोनतं हे ज्याले समजत नाई, त्याची साक्ष काय कामाची?"

शेवटी बाबांचा अंगठाच बोलला. पैसे मिळाले, बियाणं आलं, धानही बरं झालं. पण अजून गावात कोणी वाटेत भेटलं, की मला रामराम करायच्या आधी स्वतःच्या नाकावर बोट ठेवतं: "भाऊ, हे माहं तोंड होय जी!"