मक्याच्या प्लास्टिकची कुंडी

रविवारी भायंदरजवळच्या डोंगरीला गेले होते, आईच्या सोनचाफ्याकडे. झाड वाळलंय, असा सिल्वियाचा फोन आला होता. सिल्विया माझी ऑफिसमधली मैत्रीण… तिच्या घरची डोंगरीला वाडी आहे.

आईचा संसार आधी चाळीत, मग भायंदरला सहाव्या मजल्यावर. तिचा सोनचाफा कायम गॅलरीतल्या कुंडीत. वर्षाला चार-दोन फुलं यायची आणि दर वेळी ती म्हणायची, याला जमीन मिळायला हवी होती गं.

ती गेल्यावर चिमूटभर रक्षा ठेवून घेतली, त्या रक्षेवर नवा सोनचाफा लावायचा म्हणून. सिल्वियाच्या आईने, फिलोमिना आंटींनी, विहिरीजवळची जागा दिली.

रोप मी हौसेने महागातलं आणलं. कुंडी मक्यापासून केलेल्या प्लास्टिकची… कुंडीसकट लावा, मातीत विरघळून जाते, असं वर छापलेलं. आंटी कोयता घेऊन कुंडी कापायला बसल्या, तर मीच त्यांना अडवलं. मुळांना उगाच धक्का कशाला, असं मला वाटलं.

परवा ते झाड खणून काढलं. दोन पावसाळे होऊनही कुंडी जशीच्या तशी, वरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती. आत मुळं गोल गोल फिरून एकमेकांत गुंतलेली… बाहेर पडायला वाटच नाही.

तिथेच बसून मोबाइलवर वाचलं. हे प्लास्टिक विघटित होतं हे खोटं नाही, पण त्याला ओलावा आणि साठ अंशांच्या आसपासची उष्णता लागते, मोठ्या कंपोस्ट प्लांटमध्ये असते तशी. मग त्याच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या तुटतात आणि जंतू ते तुकडे खातात. विहिरीजवळच्या गार मातीत ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं.

मला रडू आवरेना. आंटी जवळ येऊन बसल्या.

"खड्डा बुजवत न्हाय मी. दुसरं झाड आन, तिथंच लावू."

आणणार आहे. आंटींनी एका शब्दाने दोष दिला नाही, त्यांचे उपकार कसे फेडायचे कळत नाही…

पण एक गोष्ट सलतेय. आईला शेवटी जमीन मिळाली, असं मी सगळ्यांना सांगत होते… आणि तिचं झाड तिथेही कुंडीतच होतं.