अर्धं दळण

गिरणीवाल्या आत्याला हळू बोलता येत नसे. दगडांच्या घरघरीत आणि पट्ट्याच्या फटफटीत इतकी वर्षं काढल्यावर तिचे कान मंद झाले होते आणि आवाज कायमचा वर चढून बसला होता. गावाला त्याचा त्रास नव्हता. त्रास होता तो तिच्या दुसऱ्या सवयीचा. कुणी तिच्याजवळ काही कुजबुजलं, की आपण ऐकलं ते बरोबर आहे की नाही याची खात्री करायला ती तेच वाक्य मोठ्यानं परत म्हणे. ऐकलेलं नेहमी बरोबरच असे.

"काय म्हन्लीस? शेवंताचा नवरा पिऊन राह्यला?"

गिरणीवर डबे घेऊन उभ्या असलेल्या दहा बाया, आणि त्यात स्वतः शेवंता. बोलणारी पदरात तोंड लपवायची. आत्या शांतपणे वरच्या पेटीत ज्वारी ओतायची आणि शेवंतालाच विचारायची, "काय गं, पितो का?" शेवंता म्हणायची, "पितो." विषय संपला. ज्या गोष्टीवर गावाचे चार महिने सहज निघाले असते, ती आत्याच्या गिरणीत एका दळणात संपायची.

टेंभुर्णीच्या अलीकडं आमचं गाव. आत्या गावचीच लेक. लग्न होऊन भोकरदनकडं गेल्ती, आणि वर्षाच्या आत डोक्यावर पेटी घेऊन एकटी चालत परत आल्ती. का आलीस म्हणून गावानं विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं म्हणे, "मार खायला टाइम कोनाला हाय?" बापानं तिला गिरणीवर बसवलं. बाप गेला, गिरणी राहिली. भुवयांवर पीठ, डोक्याला रुमाल, आणि गावातली लहान पोरं सोडा, लग्न झालेली माणसंही तिला आत्याच म्हणत.

माझे वडील चळवळीतले. आमच्या भिंतींवर देवांपेक्षा पत्रकं जास्त होती, आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. नवं पत्रक आलं की ते आत्याला वाचून दाखवायचं काम माझ्याकडं असे. पट्टा काढून, डोळे मिटून ती पूर्ण ऐकायची आणि मग निकाल द्यायची. "लिव्हलंय बराबर. पन ह्यात शिव्या का न्हाईत?" पत्रकात शिव्या नसतात, असं मी सांगायचे. "म्हनूनच कुनी वाचत न्हाई," ती म्हणायची.

गिरणीत एक रुपयाचं नाणं टाकायचा लाल फोन होता. गावात तेव्हा फोन थोडे. फोन वाजला की आत्या पट्टा काढायची, दगड थांबायचे, आणि मग ज्याचा फोन त्याला हाक जायची. त्या फोनवर संगीताचा फोन येई.

संगीता म्हणजे माझी मैत्रीण मंदाची थोरली बहीण, दत्तूमामांची लेक. परतूर तालुक्यात दिली होती. ती आठ-पंधरा दिवसांनी गिरणीवर फोन करायची. आत्या मंदाला बोलवायची, कधी स्वतःच बोलायची. मग एका सकाळी संगीता सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं. खटला उभा राहिला, आणि जालन्याच्या कोर्टात आत्यानं साक्ष दिली. नवऱ्याला जन्मठेप झाली. दत्तूमामांनी मंदाला जालन्याला नर्सिंगला घातलं. ती सुट्टीला घरी येई, परत जाई. गावाला वाटलं, झालं गेलं संपलं.

त्यानंतर टीव्हीवाले आले.

खऱ्या खुनांवर तासाभराचा माहितीपट दाखवणारा एक कार्यक्रम तेव्हा केबलवर लागायचा. त्यांनी संगीताचं प्रकरण घेतलं. गाडी आली, कॅमेरे आले, सगळ्यांची विचारपूस झाली. ज्या संध्याकाळी तो लागणार होता, त्या संध्याकाळी दूध डेअरीच्या चेअरमननं आपला रंगीत टीव्ही ओट्यावर आणून ठेवला. बाया मागं, माणसं पुढं. आत्या मात्र पुढंच, पिठाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसलेली. सुट्टीला आलेली मंदा माझ्याजवळ होती. दत्तूमामा खांबाला टेकून उभे.

सुरुवातीला नुसती जत्रा होती. संगीताचं काम करणारी नटी दिसली तशी एक बाई म्हणाली, "इतकी गोरी कुठं होती गं आपली संगी?" विहीर दिसली तसं कुणी ओरडलं, "ही न्हाई ती विहीर! हिला पायऱ्या हायेत!" गावाचा पार दिसला, त्यावर बसलेला भगवान न्हावी दिसला, आणि शिट्ट्या वाजल्या. भगवाननं उठून सगळ्यांना हात केला. एका मेलेल्या पोरीची गोष्ट चालली आहे, हे ओट्यावर बसलेल्यांपैकी किती जणांच्या लक्षात होतं, मला माहीत नाही. मंदाच्या लक्षात होतं. तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली.

मग संगीताची सासू पडद्यावर आली. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "लई फोन करायची ती. कोनाला करायची, ते आम्हाला कधीच कळलं न्हाई." ढोल वाजले. जाड आवाजाच्या निवेदकानं विचारलं, फोनच्या पलीकडं कोण होतं? काय होतं संगीताच्या आयुष्यातलं रहस्य? पाहत राहा.

आणि लाईट गेली. भारनियमनाच्या वेळेच्या आधीच गेली.

अंधार पडल्या पडल्या माणसांना तोंड फुटलं. उजेडात जे बोलायला थोडी लाज वाटते, ते सगळं त्या ओट्यावर निघालं. "मंग! म्या तवाच म्हन्लो होतो." "कोर्टाचं काय सांगतो, साक्षी काय, मिळतात." आणि चेअरमनचा ओळखीचा, दबका आवाज, "काही तरी असल्याबिगर नवरा इतक्या थराला जात न्हाई."

"काय म्हन्लास रे, चेअरमन?" अंधारात आत्याचा आवाज उठला. "काही तरी असल्याबिगर नवरा मारत न्हाई?"

डबा खणकन वाजला. ती उठून उभी राहिली होती.

"फोन ती माझ्या गिरणीवर करायची! मला आन मंदाला करायची! ह्या कानानं ऐकलेत म्या!"

"आत्या, तुमचं ऱ्हाऊ द्या," चेअरमन हसून म्हणाला. "टीव्हीवाले काय येडे हायेत का? इतका खर्चा करून आल्ते ते."

लोक हसले. हसत हसत घरी गेले. टेंभुर्णी चार पावलांवर होती आणि तिथं लाईट होती. पुढं काय दाखवलं, हे कुणीही सायकलवर जाऊन विचारू शकलं असतं. कुणी गेलं नाही. गावाला हवी होती तेवढी गोष्ट मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी दत्तूमामांनी जालन्याला परत निघालेल्या मंदाची बॅग उतरवून ठेवली. "बास झालं शिक्षण. एकीचं नाव टीव्हीवर निघालं, दुसरीचं निघायच्या आत उजवून टाकतो." परतूरकडचंच एक बिजवराचं स्थळ कुणीतरी आणलंही होतं. मंदा रडली नाही. फक्त म्हणाली, "ज्या रस्त्यानं ती गेली, त्याच रस्त्यानं मला पाठवून राह्यलेत."

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. गावाला, पुरुषांना, टीव्हीला, सगळ्यांना जाब विचारणारं. ते घेऊन गिरणीवर गेले. आत्यानं पट्टा काढला आणि पूर्ण ऐकलं.

"झकास हाय. वाचनार कोन?"

"वाटू ना आपण. घरोघर."

"घरोघर चुलीत जाईल," ती म्हणाली. मग रांगेतल्या डब्यांकडं बघून म्हणाली, "दळन मात्र समद्यांना लागतं."

त्या दिवसापासून आत्यानं दगडांमधलं अंतर वाढवलं. ज्यानं त्या अंधारात तोंड उघडलं होतं, त्याच्या घरच्या डब्यात पिठाऐवजी भरडा जाऊ लागला. भरड्याची भाकरी थापली जात नाही. हातावर घेतली की तुटते, तव्यावर टाकली की चिरते. अर्ध्या गावात कण्या शिजू लागल्या. कुणाकडूनही तिनं दळणावळ घेतली नाही. काम अर्धं केलं तर पैसे कसले, असं तिचं म्हणणं.

शेवंता रडकुंडीला आली. "आत्या, बोलले मानसं आन हाल आमचे का? घरी मी बोलनी खाऊन राह्यले."

"तू बी बोललीस की. म्या ऐकलं." शेवंतानं मान खाली घातली. "आन त्याला सांग, तूच थापून बघ म्हनावं."

चेअरमन स्वतः डबा घेऊन आला. झाकण उघडून आत्यापुढं धरलं. "हे काय पीठ हाय का?"

"अर्धं हाय."

"अर्धं म्हंजे?"

"तू बी अर्धंच बघितलंस ना? अर्ध्यावर पोरीचा निकाल लावून मोकळा झालास. मंग तुला पुरं दळन कशाला पाहिजे?"

"टेंभुर्णीहून दळून आनीन!"

"आन. आन तिथं इचार, पुढं काय दाखवलं म्हनून."

चेअरमन दोनदा टेंभुर्णीला डबा घेऊन गेला. सायकलवर. गावानं ते पाहिलं.

रविवारी दुपारी तोच माहितीपट पुन्हा दाखवणार होते. आत्यानं मांडववाल्याकडून जनरेटर आणवला, गिरणीच्या अंगणात टीव्ही मांडला आणि निरोप धाडला की पूर्ण बघेल त्याचा भरडा सोमवारी परत दळून मिळेल. गाव आलं. भाकरीसाठी आलं, मला त्याबद्दल कसलाही भ्रम नाही. चेअरमनही आला, सगळ्यात मागं, चप्पल न काढता.

नटी आली, विहीर आली, सासू आली, ढोल वाजले. या वेळी शिट्ट्या नव्हत्या. जाहिराती संपल्या आणि पडद्यावर आमची आत्या आली. कॅमेऱ्यासमोरही ओरडतच होती. "मोठ्यानं बोल बाबा, काय इचारून राह्यलास?" अंगणात हसू फुटलं.

मग पडद्यावरच्या आत्यानं सांगितलं, "फोन माझ्याकडं यायचा. शेवटच्या फोनला ती म्हन्ली, आत्या, बाबांना सांग मला घेऊन जा, हे लोक मला जित्ती ठेवत न्हाईत. म्या पट्टा काढला, तशीच पळत गेले, दत्तूला सांगितलं. दत्तू म्हन्ला, पोळा झाल्यावर आनू."

हसू जिथल्या तिथं थांबलं. पुढं संगीताच्या सासरच्या गावची एक शेजारीण आली, तोंडावर पदर न घेता, आणि तिनं त्या रात्रीच्या किंकाळ्या सांगितल्या. डॉक्टर आले. निकाल वाचून दाखवला गेला. कार्यक्रम संपला तरी कुणी हललं नाही. जनरेटर एकटाच धडधडत होता.

आत्यानं तो बंद केला आणि डब्यावरून उठून गावाकडं तोंड केलं. "बोला की आता. आता का कुनी कुजबुजून न्हाई राह्यलं?"

दत्तूमामा पुढं आले. "अक्का, तू समद्या दुनियेपुढं माझं नाव घेतलंस."

"घेतलं. कोर्टात बी घेतलं होतं. तवा तू भाईर चहा पीत होतास."

"पोळा चार दिसांवर होता गं. बैल होते, कामं होती. मला काय ठाऊक..."

"तुला एकट्याला म्हनत न्हाई मी, दत्तू. ह्या समद्या गावानं तुला सांगितलं होतं, नांदू दे म्हनून. समदे हिथंच बसलेत." तिचा आवाज पहिल्यांदाच थोडा खाली आला. म्हणजे इतरांच्या बोलण्याएवढा. "येक आनायची ऱ्हायली. आता दुसरीला जालन्याला कवा पोहोचवतोस? दिवाळी झाल्यावर?"

दत्तूमामांनी मंदाकडं बघितलं.

"उद्या," ते म्हणाले. "पहिल्या गाडीनं."

सोमवारी मंदा गाडीत बसली आणि गिरणीवर भरड्याचे डबे रांगेला लागले. गाव सुधारलं, असं मी लिहिणार नाही. माझ्या भिंतीवरच्या पत्रकांनीही मला इतकं भाबडं केलेलं नाही. चेअरमन पुढंही बोलत राहिला, फक्त गिरणीपासून लांब जाऊन. पण खून झालेल्या पोरीची गोष्ट घरात बसून, शेंगा फोडत बघणाऱ्या आणि 'तिचंच काही तरी असेल' म्हणून टीव्ही बंद करणाऱ्या शहरातल्या शिकलेल्या माणसांना मी आता रोज भेटते. त्यांचं दळण कुठं अडवायचं, याचा मला अजून पत्ता लागलेला नाही. शोधते आहे.

आत्या गेल्या उन्हाळ्यात गेली. दहाव्याला गिरणीच्या अंगणातच सतरंज्या टाकल्या होत्या. पट्टा खुंटीला टांगलेला होता. सगळे हळू आवाजात चांगलं चांगलं बोलत होते. मंदा ड्युटीवरून थेट आली होती, जालन्याच्या दवाखान्यातून. आता ती सिस्टर आहे. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो होतो. पुढच्या रांगेत चेअरमन शेजाऱ्याच्या कानाशी वाकला आणि काहीतरी पुटपुटला.

मंदा उठून उभी राहिली.

"काय म्हणालात काका?" तिचा आवाज गिरणीच्या पत्र्यापर्यंत गेला. "बाई चांगली होती, पण नवऱ्याजवळ नांदायला पाहिजे होती?"

चेअरमन सतरंजीचे दोरे उपटू लागला.

मंदा बसली नाही. तिनं पुन्हा विचारलं, आणखी मोठ्यानं.