मायनं तोडलेली फुलं

मागच्या महिन्यात एका सभेत एक विद्वान गृहस्थ म्हणाले की आमची माणसं पोटासाठी बाटली. त्यावर टाळ्याही पडल्या. मी मागच्या रांगेत हातात चहाची बशी धरून बसले होते. वयाला शोभत नाही म्हणून गप्प राहिले आणि घरी येईपर्यंत स्वतःलाच शिव्या घातल्या. तिथं बोलायचं राहिलं ते आता लिहिते. मला दुसऱ्यांच्या घरचं ठाऊक नाही. आमच्या घरी बाप्तिस्म्याआधी दोन वेळची भाकर होती. बाप्तिस्मा झाला आणि ती गेली.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. अमरावतीहून भातकुलीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचा बगीचा होता. आमचा म्हणजे आम्ही कसत होतो एवढंच. जमीन आणि विहीर शहरातल्या एका वकिलांची. माझ्या आज्यापासून तो मक्त्यानं आमच्याकडे होता, आणि दर अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखजीला, मक्ता नवा होत असे. अर्ध्या रानात वांगी, मेथी, पालक. अर्ध्यात झेंडू, शेवंती आणि उन्हाळ्यात मोगरा. भाजी बाजारात जाई, फुलं देवळाबाहेरच्या एका फुलवाल्याकडे.

भाजीला काही नियम नव्हते, फुलांना मात्र ढीगभर. अंघोळ केल्याशिवाय तोडायची नाहीत. परडी जमिनीला टेकवायची नाही. वास घ्यायचा नाही, कारण वास घेतलेलं फूल उष्टं होतं, ते देवाला चालत नाही. आणि बाई बाहेरची असली तर चार दिवस तिनं फुलांच्या वाफ्यात पाऊलही टाकायचं नाही. मी सहा वर्षांची असताना मोगऱ्याची एक कळी नाकाशी नेली, तर बानं पाठीत असा धपाटा घातला की कळी हातातून उडाली. एरवी बा मायाळू होता.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा नवरात्राच्या तोंडावर बाला ताप भरला. त्या साली गावात घरोघर ताप होता. नवरात्र म्हणजे माळ्याची सुगी, आणि बा अंथरुणावर. माय नेमकी त्याच दिवसांत बाहेरची. मी एकटी किती तोडणार? पहाटे बा स्वतःच उठून वाफ्याकडे निघाला आणि विहिरीजवळ दोनदा पडला. तेव्हा मायनं त्याला धरून आणून निजवलं, अंघोळ केली आणि परडी उचलली. तीन सकाळी तिनं झेंडू तोडला. फुलं देवळात गेली, कुणाला काही कळलं नाही. कोजागिरीच्या आधी बा गेला.

मायच्यानं ते पोटात ठेववलं नाही. तेराव्याच्या आतच तिनं ते मोठ्या मायला, म्हणजे माझ्या चुलत्याच्या बायकोला, रडत रडत सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या भावकीला ठाऊक झालं. बाईनं विटाळाचं फूल देवीला वाहिलं, देवीनं तिचा नवरा नेला, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. त्या साथीत आमच्या वस्तीत किती माणसं गेली. त्यांच्या बायकांनी कुठली फुलं तोडली होती, हे विचारायची बुद्धी एकालाही झाली नाही.

लोक बोलले ते एक वेळ सोडून दिलं असतं. पण मायनं ते खरं मानलं. ती राबत होती, मोट धरत होती, मला जेवू घालत होती. पण तिचं बोलणं बंद झालं. वाफ्याशी गेली की आधी झेंडूला हात जोडायची आणि पुटपुटायची. एकदा मला जवळ घेऊन म्हणाली, “तुह्या बापाले म्याच खाल्लं वं पोरी.” मी अकरा वर्षांची. मला वाटलं, खाल्लं असेल.

पौषात एक बाई पाणी मागायला बगीच्यात आली. पांढरं लुगडं, काळी छत्री, काखेत पिशवी. ती मूळची अकोल्याची, अमरावतीच्या मिशनकडून खेडोपाडी हिंडून बायकांना वाचून दाखवणारी, आणि स्वतः विधवा. पाणी पिऊन ती बसली. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली, आणि मग येतच राहिली. माय निंदत असे, ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून काहीबाही सांगत असे. माय ऐकत होती की नाही कळायचं नाही. एके दिवशी मायनं खुरपं खाली ठेवलं आणि झेंडूची सगळी हकिकत तिला सांगून टाकली. मी बाजूच्या वाफ्यात होते.

बाईनं पिशवी उघडली नाही. पुस्तक काढलं नाही. तिनं एवढंच विचारलं, “ताप पयले आला, का फूल पयले तोडलं?”

माय म्हणाली, “ताप पयले आला.”

“मंग?”

या एका प्रश्नासाठी आम्हाला अकोल्याच्या एका अनोळखी बाईची वाट पाहावी लागली. दशक्रियेला जमलेल्या त्या शहाण्यांच्या गर्दीत तो कुणाला सुचला नव्हता. मलाही नाही, आणि मी तर घरातच होते. बाई पुढं म्हणाली की ज्याच्यावर तिचा विश्वास आहे तो येशू फुलावरून माणूस मारत नाही. तो दुसऱ्याच्या मरणावर रडणारा आहे, आणि तिच्या स्वतःच्या नवऱ्याच्या मरणावरही तो तिच्यासोबत रडला होता, असं ती पैजेवर सांगायला तयार आहे. माय त्या दिवशी हंबरडा फोडून रडली. बा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मग भरदुपारी कडुनिंबाखाली आडवी झाली आणि संध्याकाळपर्यंत झोपली. तीन महिन्यांत मी तिला दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं.

त्यानंतर माय बाईची वाट पाहू लागली. अक्षर येत नव्हतं, म्हणून गाणी ऐकून पाठ केली आणि जात्यावरच्या चालीत म्हणू लागली. चैत्रात आम्ही दोघींनी बाप्तिस्मा घेतला. कुणी तांदूळ दिला नाही, दुधाची भुकटीही दिली नाही. पाळकांनी हात मिळवला आणि पाळकांच्या बायकोनं गूळ-शेंगदाणे दिले. सभेतल्या विद्वानांनी वाटल्यास तेवढे मोजावेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोगरा घेऊन गेलो, तर फुलवाल्यानं परडीकडे पाहिलंच नाही. बाच्या हातची फुलं त्यानं वीस वर्षं घेतली होती. माणूस वाईट नव्हता, मान खाली घालून म्हणाला की आता हे फूल देवापुढे चालणार नाही, गिऱ्हाईक तुटेल. तिथून आम्ही डोक्यावरच्या भाजीच्या पाटीसह वकिलांच्या मागच्या दाराशी गेलो. स्वयंपाकघरातून नेहमीसारखी वांगी घेतली गेली. एकच विहीर, एकच माती, तोडणारे हात तेच. वांगी हिंदूच राहिली, मोगरा तेवढा बाटला. देवीनं आमचं फूल कधी परत पाठवलं नव्हतं. परत पाठवलं ते माणसांनी, एवढं मी तिच्या बाजूनं सांगते.

परत आल्यावर माय परडी मांडीवर घेऊन धुऱ्यावर बसली. फुलं उन्हात कोमेजायला लागली होती. तिनं एक ओंजळ भरली आणि नाकाशी नेली. माळ्याच्या घरात जन्मलेली, माळ्याच्या घरात दिलेली बाई, पस्तिशीला आलेली. मोगऱ्याला नाक लावून तिनं वास असा पहिल्यांदाच घेतला. मग ती हसायला लागली. “इतका गोड असते काय हा?” म्हणाली, आणि ओंजळ माझ्या तोंडाशी धरली. मी तिचा हात झटकला. परडीभर माल वाया गेला आणि ही हसते, याचा मला इतका संताप आला की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

आखजी जवळ आली तसं वकिलांनी मायला बोलावलं. शिकलेले, नागपूरला कोर्टाच्या कामानं जाणारे, बोलायला अगदी साखर. ते म्हणाले की ती कुठल्या देवाला भजते याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. पण भावकी गप्प बसत नाही, देवळातून फूल परत येतं, अशानं बगीचा कसा चालायचा? म्हणून त्यांनी तोड काढली होती. मायनं चारचौघांत एवढं म्हणायचं की माझ्या हातून विटाळ झाला, माझ्या पापानं नवरा गेला, आणि प्रायश्चित्त घ्यायचं. मग मक्ता तिच्या नावावर, फुलंही पूर्ववत जातील. नाहीतर आखजीला बगीचा सोडायचा.

चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसानं मायला सल्ला दिला की म्हणून टाका, जिभेनं म्हणायचं, मनानं नाही. प्रभू अंतःकरण पाहतो. त्यांना आमची काळजी होती हे खरं. पण मला त्यांचाही राग येतो. पोरीसकट बेघर होऊ घातलेल्या बाईला त्यांनी खोटं बोलायचा सोपा रस्ता दाखवला आणि स्वतः घरी जाऊन जेवले. मी मात्र तेव्हा त्यांच्याच बाजूची होते. मायला म्हटलं, म्हण ना, काय जातं?

ठरल्या दिवशी बगीच्यातल्या कडुनिंबाखाली भावकी जमली. वकिलांसाठी खुर्ची आणली होती. चुलता, मोठी माय, फुलवाला, सगळे होते. माय पदर सावरून उभी राहिली. मला वाटलं आता म्हणणार, आणि मी सुटकेचा श्वास घेतला.

“फुलं म्याच तोडली,” ती म्हणाली. “तीन दिवस तोडली. पन ताप त्याच्या पयले आला होता. सायेब, तुमी वकील आहा. तुमीच सांगा, गुन्हा पयले होते, का सजा पयले होते?”

वकील काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिले. मक्ता त्यांच्या हातात होता, उत्तराची गरज नव्हती. उठताना म्हणाले की आखजीपर्यंत मुदत आहे. चुलता त्यांच्यामागे गेला. पुढं बगीचा त्यालाच मिळाला, हे सांगायला नकोच.

सामान ते किती असणार. माय भांडी बांधताना गात होती. मी रडत, धुसफुसत होते. शेवटी मी विचारलंच, “तुले काहून आनंद होऊन राहिला?”

तिनं गाठ मारली आणि म्हणाली, “पोरी, तवा मी रोज मरत होती. आता फक्त बगीचा गेला.”

मला तेव्हा ते पटलं नाही. अकोल्याला एका दवाखान्यात धुण्याचं काम त्या बाईनं पाहून ठेवलं होतं, आणि बगीच्याच्या मालकिणीसारखी वावरलेली माझी माय लोकांच्या रक्ताळलेल्या चादरी धुणार होती. यात आनंद कसला?

आखजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बडनेऱ्याला आगगाडी गाठायची होती. बैलगाडी जुंपून उभी होती. तेवढ्यात मोठी माय धुऱ्यावरून येताना दिसली. मी गाडीतून उडी मारली. मायचं गुपित फोडणारी हीच, आणि आता वाफे मोजायला आली असेल, असं मला वाटलं. तिला काय काय म्हणायचं ते सगळं माझ्या जिभेवर होतं.

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ती मायच्या पुढ्यात जमिनीवर बसली. तिचा पहिला मुलगा माझ्या जन्माआधी गेला होता, रांगता होता तेव्हा. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे. ती खालच्या आवाजात सांगू लागली. त्या श्रावणात तीही बाहेरची होती. सासूच्या धाकानं बोलली नाही आणि वाफ्यात गेली. हे तिनं आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

“तुहं बरं हाय,” ती मायला म्हणाली. “तुह्या नवऱ्याले ताप पयले आला. म्या फूल पयले तोडलं. ताप मांगून आला.”

मी मायकडे पाहिलं. तो अकोल्याच्या बाईचा प्रश्न इथं चालणार नव्हता, हे मलासुद्धा कळलं. गाडीवाला हाका मारत होता. मायनं त्याला बैल सोडायला सांगितलं, आणि ती मोठ्या मायच्या शेजारी मातीत बसली, तिचे दोन्ही हात धरून.

“तरी बी बाई,” ती म्हणाली, “तुमी नाई मारलं त्याले.”

मोठी माय किती वेळ रडत होती, सांगता येत नाही. आमची आगगाडी चुकली, आणि मला त्याचाही राग आला.