जप्तीतून वगळलेलं

शालिनीबाई आमच्या शाळेत गाणं शिकवायला आल्या त्या १९७० च्या जूनमध्ये. मी तिथे इतिहास शिकवत होते. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी, म्हणून ओळख झाली, नाहीतर त्या आपणहून बोलणाऱ्यांपैकी नव्हत्या. तास संपला की पेटीवर कापड घालायचं, पर्स उचलायची आणि पुलावरून चालत नदीपलीकडे अकोट्याला आपल्या खोलीवर जायचं. मराठा घराण्यातली लग्न झालेली बाई भाड्याच्या खोलीत एकटी राहते, यावर शाळेत बरंच कुजबुजलं जाई.

त्यांचं माहेर जुन्या शहरातलं, मांडवीजवळचं. वडील गायकवाड संस्थानच्या नोकरीत होते आणि गाण्याचे वेडे. मुलीला लहानपणीच गुरूकडे घातलं आणि ती बैठकीत गाऊ लागल्यावर मिरजेहून तंबोऱ्यांची जोडी आणवली. १९६६ मध्ये तिचं लग्न वाघोडियाच्या उदयसिंहरावांशी झालं. जमीन, दोन ट्रक, दारात जीप. सासू नव्हती. घरात सासरे पिलाजीराव म्हणतील तसं चाले. लग्नाआधी पिलाजीराव म्हणाले होते, "गाणं छान आहे. देवघरात म्हणा."

लग्नानंतर देवघरातही नको झालं. बाहेर ओसरीवर माणसं बसलेली असतात, सुनेचा आवाज त्यांच्या कानांवर जातो, हे पिलाजीरावांना खपेना. शालिनीबाई पोळ्या लाटताना, केस विंचरताना नकळत गुणगुणायच्या. उदयसिंहरावांनी त्यावर एक उपाय काढला. आवाज ऐकू आला की ते तांब्या घेऊन यायचे आणि म्हणायचे, "घे, चूळ भर. आणि थुंकू नकोस."

तोंडात पाणी धरून त्यांनी उभं राहायचं. समोर उदयसिंहराव पान जमवत बसायचे. पाणी गिळलं किंवा सांडलं की पुन्हा तांब्या. कधी मित्र आलेले असले तर त्यांच्यासमोरही. मित्र हसायचे. एकदा ठसका लागून पाणी नाकातून आलं आणि त्या खाली बसल्या, तेव्हा पिलाजीराव दारातून बघून म्हणाले, "उदय, गालिचा भिजतोय."

हात कधी उगारला नाही. उपाशी ठेवलं नाही. तीन वर्षांनी वडिलांच्या आजारपणात त्या माहेरी आल्या, महिन्याभरात वडील गेले, आणि त्या परत गेल्याच नाहीत. तंबोरे लग्नानंतर माहेरीच राहिले होते. भाऊ दत्ताजीराव चार महिने गप्प बसले, मग म्हणाले, "शालू, माझ्या मुली मोठ्या होताहेत. तू इथे राहिलीस तर त्यांना कोण मागणी घालणार?" तेव्हा त्यांनी तंबोरे रिक्षात घातले आणि अकोट्याला खोली घेतली.

समन्स आलं ते शाळेत. कोर्टाच्या शिपायाने सगळ्यांसमोर सही घेतली. शालिनीबाईंनी कागद वाचून माझ्याकडे सरकवला. "तुम्ही इतिहासात कायदेही शिकवता ना मुलींना? हे काय आहे सांगा."

उदयसिंहरावांनी दावा लावला होता: बायको कारणाशिवाय निघून गेली आहे, कोर्टाने तिला नांदायला पाठवावं.

मी दरवर्षी मुलींना राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा शिकवायचे. प्रजेच्या धर्मात आम्ही ढवळाढवळ करणार नाही, असं वचन त्यात आहे. त्याच राणीच्या न्यायाधीशांनी विलायतेतल्या चर्चच्या कोर्टातला हा दावा उचलून इथल्या घराघरांत आणला. हुकूम न मानणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची सोय १८८४ मध्ये विलायतेत गेली. इथल्या बायकांसाठी ती पुढे कितीतरी वर्षं राहिली. नंतर तुरुंग गेला, मालमत्तेची जप्ती उरली, आणि इंग्रज गेल्यावर आपण तो दावा आपल्या हिंदू विवाहाच्या कायद्यात नीट लिहून ठेवला. गायकवाडीत तर घटस्फोटाचा कायदा माझ्या जन्माआधी झाला होता. राणीचा वारसा आमच्या दारात पोचला तो संस्थान विलीन झाल्यावर.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मला उचलून नेणार नाहीत?"

"नाही."

"मग ठीक आहे."

कोर्टात मी त्यांच्याबरोबर जायचे. त्यांच्या वकिलांनी तांब्याची हकीकत सांगायला लावली. पुरुषांनी भरलेल्या खोलीत, गुजरातीत, ती त्यांनी सांगितली. समोरचा वकील उभा राहिला.

"पाणी स्वच्छ होतं?"

"हो."

"पिण्याचंच?"

"हो."

"कधी दवाखान्यात जावं लागलं?"

"नाही."

"म्हणजे नवऱ्याने प्यायचं पाणी दिलं, ही तुमची तक्रार."

लोक हसले. न्यायाधीशही हसले, मग गंभीर झाले. वाघोडियाहून साक्षीला आलेल्या मित्रांनी सांगितलं की ती नवरा-बायकोतली थट्टा होती. आमच्या वकिलांनी शेवटी विलायतेचा दाखला दिला: ज्या देशातून हा दावा आला, तिथे याच वर्षापासून तो रद्द झालाय. न्यायाधीश म्हणाले, "तिथला कायदा तिथे. मी इथे बसलोय." जिवाला धोका वाटावा अशी क्रूरता शाबीत होत नाही, सबब बाईंनी नांदायला जावं, असा हुकूम १९७१ च्या दिवाळीआधी झाला.

त्या गेल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात बेलीफ आला, बरोबर दोन पंच आणि दारात जीप लावून उदयसिंहराव. शाळेला सुट्टी होती, मी योगायोगाने तिथेच होते. बेलीफ वयस्कर गुजराती माणूस, बोलायला सभ्य. त्याने खोलीवर नजर फिरवली आणि काय घेता येतं, काय नाही ते पंचांना समजावलं. भांडीकुंडी नाही. अंथरूण-पांघरूण नाही. नेसूचे कपडे नाहीत. शंभर वर्षांपूर्वी कुणा साहेबाने बसून ठरवलं होतं की बाईजवळ स्वयंपाकाची भांडी आणि बिछाना राहिलाच पाहिजे.

तंबोरे घेता येत होते. रेडिओही, आणि हातातल्या पाटल्याही.

शालिनीबाईंनी पाटल्या काढल्या. मग मंगळसूत्र काढून त्या पाटल्यांवर ठेवलं.

बेलीफ दचकला. "ना बेन, ए तो ना लेवाय."

"का?"

"धर्माचा दागिना. कायद्यात मना आहे."

"मला नको आहे तो. घेऊन जा."

"तुम्हाला नको असला तरी मला नेता येत नाही, बेन." त्याने मंगळसूत्र दोन बोटांनी उचलून त्यांच्या हातात परत दिलं.

उदयसिंहराव दारातून म्हणाले, "घाल गळ्यात. लोक बघताहेत."

तंबोरे उचलताना एकाची तार खुंटीला अडकून वाजली. शालिनीबाई पुढे झाल्या आणि भोपळा कसा धरायचा ते पंचाला दाखवलं. "खालून हात घाला. दाबू नका." जीप गेल्यावर त्या भिंतीला टेकून बसल्या. मी पाणी दिलं तर मान हलवून नको म्हणाल्या.

वकिलांनी अर्ज केला. कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत, असं त्याच कायद्यात आहे, आणि तंबोरा हे गायिकेचं हत्यार. समोरच्या वकिलाने उत्तर दिलं की कारागीर म्हणजे सुतार, लोहार, चांभार. ही बाई पगारी शिक्षिका, आणि शिकवायला शाळेची पेटी आहे. न्यायाधीशांना ते पटलं. नंतर कळलं, लिलावात ती जोडी उदयसिंहरावांच्याच माणसाने घेतली. शालिनीबाई लिलावाला गेल्या होत्या, मला न सांगता. कोर्टाच्या आवारात झाडाखाली त्यांच्यादेखत एका तंबोऱ्यावर ट्रकच्या क्लीनरने पाय दिला. दुसरा जीपमध्ये टाकून नेला. एवढं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, मुलींच्या वह्या तपासता तपासता.

दोन वर्षं हुकूम पाळला गेला नाही तर दोघांपैकी कुणालाही घटस्फोट मागता येतो, हे वकिलांनी त्यांना सांगितलं तेव्हा पहिल्यांदा मी त्यांच्या चेहऱ्यावर आशा बघितली. १९७४ मध्ये त्यांनी अर्ज केला. निकाल असा आला: हुकूम तुम्ही मोडलात. स्वतःच्या चुकीचा फायदा तुम्हाला घेता येणार नाही. अर्ज नामंजूर.

वर्षभराने उदयसिंहरावांनी त्याच हुकमाच्या आधारावर घटस्फोट मागितला. बायको दोन वर्षांत आली नाही, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. तो महिन्याभरात मंजूर झाला. त्यांचं दुसरं लग्न आधीच ठरलं होतं.

मी म्हणाले, "कसं का होईना, सुटलात."

"त्यांना हवं तेव्हा," त्या म्हणाल्या. "त्यांना नको असतं तर अजून बायकोच होते मी."

त्यानंतर त्यांनी गाणं शिकवलं, पण त्या गायल्या नाहीत. मुलींना स्वर द्यायच्या, तो पेटीवरच. दत्ताजीरावांच्या मुलींची लग्नं झाली, शालिनीबाईंना बोलावणं आलं नाही.

१९७९ च्या एका रविवारी सकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले तर आत एक तरुण बाई कॉटवर बसलेली. तिशीच्या आतली, भारी साडी, चपला पायांत नाहीत, दारातही नाहीत. शालिनीबाई चहा गाळत होत्या.

"ही वसुंधरा," त्या म्हणाल्या. "वाघोडियाची. यांची दुसरी."

वसुंधरा माझ्याकडे न बघता बोलत राहिली. घरात तुमचं नाव घेतलं की शिक्षा होते, म्हणून नाव पाठ झालं, असं ती शालिनीबाईंना सांगत होती. मग तिने विचारलं, "ताई, तुम्ही कशा बाहेर पडलात?"

"वडील मरायला टेकले होते, म्हणून धाडलं मला." शालिनीबाईंनी कप तिच्या पुढ्यात ठेवला. "तुझे आहेत?"

"नाहीत. काका आहेत, सुरतेला. ते ठेवून घेणार नाहीत."

"शिकलीस किती?"

"मॅट्रिक नापास."

शालिनीबाई गाळणी धुवायला लागल्या. वसुंधरा वाट बघत होती. तिने चहा प्यायला नव्हता. खाली जीप थांबल्याचा आवाज आला.

पिलाजीराव जिना चढून आले. म्हातारे झाले होते, पण ताठ. खोलीत पाऊल न टाकता म्हणाले, "सूनबाई, चला."

शालिनीबाई दारात गेल्या. "ती येणार नाही."

पिलाजीरावांनी त्यांच्याकडे सावकाश बघितलं. आवाज चढवला नाही. "पुन्हा कोर्टात जायचं का? आम्हाला रस्ता माहीत आहे. तुम्हालाही. या वेळी तुमचंही नाव घालू, दुसऱ्याची बायको फूस लावून ठेवली म्हणून. नोकरी आहे ना अजून?"

शालिनीबाई दारात उभ्या होत्या. मी त्यांच्या मागे. त्यांनी चौकटीवरचा हात काढला नव्हता, पण पुढचा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. तेवढ्यात वसुंधरा स्वतःच उठली. त्यांच्या हाताखालून वाकून बाहेर गेली आणि जिना उतरताना पदर डोक्यावर घेतला.

जीप वळून पुलाकडे गेली. शालिनीबाई आत येऊन तिचा कप उचलायला लागल्या. मी विचारलं, "घाबरलात?"

"हो," त्या म्हणाल्या, आणि गार झालेला चहा मोरीत ओतला.