काही काम नाही, सहज लिहिलं

त्याच्या प्रत्येक पोस्टकार्डाचा शेवट ठरलेला असायचा. ‘काही काम नाही, सहज लिहिलं.’ एवढं लिहून तो पेनाला टोपण लावायचा, शाई वाळावी म्हणून कार्ड उन्हात धरायचा आणि माझ्याकडे बघून हसायचा. त्या हसण्याचा मला मनस्वी राग यायचा.

सत्तरच्या दशकात हिंगणघाटच्या एका कापड गिरणीत आम्ही दोघं नोकरीला होतो. तो टाइमकीपर, मी आवक-जावक कारकून. दोघांनाही सिनेमाच्या पटकथा लिहायच्या होत्या. गावात हे खूळ आणखी कोणाला नसल्यामुळे मैत्री झाली. पण त्याला मुंबईचं पत्र आलं की माझा दिवस नासायचा, अशी ती मैत्री.

आणि पत्रं त्यालाच यायची. मी चाळीस-चाळीस पानांच्या पटकथा सुवाच्य अक्षरात लिहून मोठमोठ्या निर्मात्यांना रजिस्टर पोस्टानं पाठवायचो. पोचपावतीपलीकडे काही हाती लागत नसे. हा मात्र टाकीजमध्ये पेन्सिल घेऊन बसायचा आणि सुरुवातीला पडद्यावर नावं येतात ना, तुम्ही-आम्ही ज्या वेळात खुर्ची शोधतो, ती नावं अंधारात वहीत उतरवायचा. तीही हिरोची नाहीत. संकलकाचा सहायक, आवाजवाला, लाइटवाला. मग स्टुडिओच्या पत्त्यावर त्यांना कार्डं. तुमचं अमुक काम आवडलं, आमच्याकडे कापूस बरा आहे, काही काम नाही, सहज लिहिलं.

मी म्हणायचो, “या लोकांच्या हातात काय आहे?”

“मोठ्या माणसाले सारेच लिहितात, गड्या. याले कोण लिहिते?”

दिवाळीला त्याच्या टेबलावर मुंबईची शुभेच्छापत्रं मांडलेली असत. मी जाता-येता ती मोजायचो. खोटं कशाला सांगू, जळून खाक व्हायचो.

एकदा त्याच्या ओळखीचा एक सहायक दिग्दर्शक नागपूरला बहिणीकडे निघाला होता. गाडी वर्ध्याला दहा मिनिटं थांबणार. हा गोरसपाक बिस्किटांचा डबा घेऊन फलाटावर हजर, आणि मी काय होतं ते बघायला सोबत. त्या माणसानं उतरून याला मिठी मारली, याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. याच्या पिशवीत पटकथा होती. मी दोनदा कोपरानं ढोसलं. यानं ती काढली नाही. गाडी गेली.

परतीच्या बसमध्ये मी चिडून विचारलं, “काऊन नाई देल्ली?”

“त्याच्या बहिणीचं उद्या आपरेशन हाये. आज त्याले कहानी देऊ का मी?”

पुढच्याच महिन्यात त्या सहायकाला स्वतःचा पहिला सिनेमा मिळाल्याची बातमी आली, आणि त्यानं याला कार्ड टाकलं की सवडीनं तुमची गोष्ट पाठवा. ते कार्ड मी त्याच्या टेबलावरून उचलून दोनदा वाचलं.

त्याच आठवड्यात तो जेवायला गेला असताना त्याचा ड्रॉवर मला उघडा दिसला. एरवी त्याला कुलूप असायचं. मला वाटलं, आपलं नशीब उघडलं. आतल्या त्याच्या वहीतले अकरा पत्ते मी उतरवून घेतले आणि अकराही जणांना लांबलचक पत्रं धाडली. मी आपल्या स्नेह्यांचा जिवलग मित्र, सोबत कथा पाठवत आहे, काम द्यावे.

महिन्याभरानं त्यानं एक पत्र माझ्यापुढे ठेवलं. त्याच सहायकाचं, सोबत माझी परत आलेली कथा. ‘तुमचे मित्र फार चिकट आहेत. पत्ते असे वाटत जाऊ नका.’ माझी कानशिलं तापली. तो एवढंच म्हणाला, “कहानी वाचली मी तुही. शेवट जरासा कमजोर हाये.”

त्या रविवारी त्यानं अकरा कार्डं लिहिली. ‘चूक माझी. पत्ते मीच दिले.’ माझ्यासाठी हा खोटं लिहितो आहे, याचा मला आणखीच राग आला. आठ जणांनी उत्तरं दिली. तिघं कायमचे गप्प झाले. त्यांत तो सहायक होता. याची गोष्ट तशीच पिशवीत राहिली.

पुढे ऐंशीनंतर कधीतरी, एका लाइटवाल्याच्या ओळखीनं, त्याला एका सिनेमाचे चार-सहा संवाद वऱ्हाडीत करून द्यायचं काम मिळालं. सिनेमा हिंगणघाटला लागला तेव्हा मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. पाच नावांच्या घोळक्यात त्याचं नाव आलं आणि गेलं. तेवढ्याचाही मला हेवा वाटला.

“अरे, तुहं नाव आलं!”

“हो का?” तो मान खाली घालून वहीत लिहीत होता. “थांब, त्याच्याआधी आवाजवाला कोण होता, पाह्यलं का तू?”

त्यानंतर दोन वर्षांनी तो गेला. कावीळ झाली होती. तेराव्यानंतर वहिनींनी ती वही माझ्या हातात दिली. म्हणाल्या, “तुमालेच द्याची, असं सांगून गेले.”

वहीत प्रत्येक माणसाला एक पान होतं. कोणाची मुलगी कितवीत, कोणाला मधुमेह, कोणाला पत्र कधी लिहू नये. शेवटून तिसऱ्या पानावर माझं नाव निघालं. पत्ते उतरवताना घाईत मी तिथवर पोचलोच नव्हतो. वर तारीख होती. मी पत्ते उतरवले त्याच्या आदल्या दिवशीची.

‘अक्षर सुंदर. आईले दमा. वांग्याची भाजी आवडते. माह्यावर जळते, पण कहानीतली चूक याच्यासारखी कोणी काढत नाई. पत्ते पायजेत याले, मागाले लाजते. उद्या ड्रॉवर उघडा ठेवाचा.’