सोमाजीचा एक हंगाम

सोमाजी उइके इंजिनाशी दातांनी बोलायचा. लोखंडी सळईचं एक टोक दातांत धरायचा, दुसरं चालत्या इंजिनावर टेकवायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. रेल्वेच्या लोको शेडमध्ये बॉयलर ठोकून ठोकून त्याचे कान गेले होते. डाव्या कानाशी ओरडलं तर थोडंफार पोचायचं, बाकीचं त्याला सळईतून कळे. केळझरला माझ्या कापसाच्या जिनात तो पहिल्यांदा आला तेव्हा राम राम करण्याआधी त्यानं इंजिनाला सळई लावली आणि मला म्हणाला, "मालक, याचा दम कोंडून राह्यला."

मी चिडलो. ते इंजिन मी लष्कराच्या लिलावात पाच जणांशी भांडून मिळवलेलं. त्याच्यावर सकाळी कापसातली सरकी काढणारे रेचे जोरात चालवायचे आणि दुपारनंतर पट्टा बदलून जवसाची घाणी हळू पण ताकदीनं ओढायची. रेच्यांवर ठीक चाले, घाणीवर मात्र धापा टाकी. ते मलाही ठाऊक होतं, पण दुसऱ्यानं सांगितलेलं मला खपत नाही.

"बैल चालते तवा येगळा श्वास घेते, धावते तवा येगळा," सोमाजी म्हणाला. "मंग इंजनले काऊन एकच? हळू चालताना व्हॉल्व्हचं दार उशिरा लागलं तर घेतला श्वास वापस जाते. जोरात असताना लौकर लागलं तर पोटच भरत नाई." वाफेच्या इंजिनात ड्रायव्हरच्या हाती लिव्हर असतो. चढावर एक, सपाटीवर एक, असा तो वाफेचा वेळ बदलतो. तेच तेलाच्या इंजिनात आणायचं, हे सोमाजीच्या डोक्यात बसलं होतं. शेडमधल्या पंपाच्या इंजिनावर त्यानं न विचारता हा प्रयोग केला आणि फोरमननं त्याला चारचौघांत हाकलून दिलं. तो निघताना फोरमन वर म्हणाले, "एक हंगाम चालवून दाखव. मी स्वतः पाहायला येईन." फोरमन ते चिडवायला म्हणाले असतील. सोमाजीनं ते वचन म्हणून धरलं.

व्हॉल्व्ह उघडतो तो कॅममुळे, म्हणजे फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्यामुळे. सोमाजीनं ट्रकच्या तुटक्या आसातून एक रुंद कॅम घडवायला घेतला. एका कडेला हळूचा उंचवटा, दुसऱ्या कडेला जोराचा, आणि मध्ये उतार. लिव्हर ओढला की कॅम दांड्यावर सरकायचा. हे सगळं कानशीनं. घासे मोजायचे ते गोंडीत, आणि मोजताना कोणी खांद्याला हात लावला तर शिव्याही गोंडीतच. कॅमला कडकपणा आणायला त्यानं चांभाराकडून कातड्याचे तुकडे आणि गुरांची शिंगं आणली, लोखंडी डब्यात कॅमभोवती ठासली, डबा मातीनं लिंपून भट्टीत घातला. दोन दिवस वासानं जिनात उभं राहवत नव्हतं. मजूर म्हणाले, "सोमाजी, कोणाले जाळून राह्यला गा?" त्याला ऐकू आलं नाही, पण तो हसला.

बसवण्याआधी त्यानं अट घातली. "एक हंगाम. लिव्हरले माह्याशिवाय कोणाचा हात नाई लागला पायजे."

"अर्धा हंगाम पाहू," मी त्याच्या कानाशी ओरडलो. आमचा सौदा साऱ्या जिनाला ऐकू जात होता.

"अर्ध्या हंगामात मी अर्धाच खरा ठरीन, मालक."

मी हो म्हणालो. अडीच महिने इंजिन असं चाललं की घाणीवाला येऊन इंजिनाला हात जोडून गेला. सोमाजीनं फोरमनला पोस्टकार्ड टाकलं, होळी झाली की या.

मग हिंगणघाटचा एक व्यापारी आला. त्याच्या कापसाचा सौदा मी ओढत होतो, तो तुटेपर्यंत ताणत होता. लिव्हर पाहून म्हणाला, "हे काय लावलं? बैलांच्या दमणीचा ब्रेक हाये का?" माझं डोकं फिरलं. "पाहा," म्हणालो आणि लिव्हर ओढला. आधी पट्टे उतरवून भार काढायचा असतो. तो मी काढला नव्हता. कॅम अर्ध्यात अडकला, इंजिन आचके देऊ लागलं. सोमाजी पलीकडं पट्ट्याला राळ लावत होता. पायाखालची थरथर बदलली तशी त्याला कळलं. तो धावत आला आणि कॅम मागं ढकलायला त्यानं उजवा हात आत घातला. व्यापारी आणि मी, दोघंही ओरडलो. कोणासाठी ओरडलो?

हात दातेरी चाकांत मनगटापर्यंत गेला. इंजिन थांबलं. आम्ही चाक उलटं फिरवून हात काढला तेव्हा सोमाजी म्हणाला, "कॅम पाहा, मालक. फुटला काय?" कॅमवर ओरखडाही नव्हता.

वर्ध्याच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी पोलीस जमादार जबाबाला आला. मी खाटेच्या पायथ्याशी होतो. सोमाजी म्हणाला, "लिव्हर मीच ओढला. भार काढाचा इसरलो. इंजनचा दोष नाई, मालकाचा बी नाई." जमादार गेल्यावर मला जवळ बोलावलं. "आता इंजनले कोणी सील नाई करत. उद्या सुरू करजा. हंगाम तुटला नाई पायजे."

त्याचा मला आजही राग आहे. मी कोणाचं ओझं ठेवून घेणारा माणूस नाही. घेतलं त्याची किंमत ठरवतो आणि चुकती करतो. सोमाजीनं मला न विचारता हे माझ्यावर टाकलं आणि घासाघीस करायला जागा ठेवली नाही.

मजूर इंजिनाजवळ जाईनात. मी सोमाजीचा कॅम उतरवला, जुना चढवला, लिव्हर कापून काढला. हात सडत गेला. सातव्या दिवशी सोमाजीनं विचारलं, "चालू हाये?"

"हाये."

"कोणत्या बाजूले?"

"घाणीवर. हळूच्या बाजूले," मी त्याच्या कानाशी ओरडलो. आजूबाजूच्या खाटांवरचे रोगी वळून पाहू लागले. त्याची बायको खाली बसली होती. कॅम उतरवल्याचं तिला ठाऊक होतं. ती जमिनीकडं पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

होळीनंतर फोरमन खरोखरच आले. धुतलेला कोट, हातात सोमाजीचं पोस्टकार्ड. सोमाजी गेल्याचं मी सांगितलं. त्यांनी टोपी काढली, मग इंजिनाभोवती एक फेरी मारली. जुना कॅम त्यांनी लगेच ओळखला.

"म्हणजे नाहीच चाललं," ते म्हणाले. "कारागीर चांगला होता, पण ऐकायचा नाही. चूक आपली होती असं पोलिसांजवळ त्यानंच सांगितलं म्हणे?"

सोमाजीचा कॅम चार हातांवर फळीवर होता, तेलाच्या गोणपाटात गुंडाळलेला. हिंगणघाटचा व्यापारी त्या दिवशी माझ्या गादीवर बसला होता. त्याचा सौदा झाला होता. तो माझ्याकडं पाहत होता.

"हो," मी म्हणालो. "त्यानंच सांगितलं."

फोरमननं पोस्टकार्ड खिशात ठेवलं. मी चहा मागवला.