राणीच्या झग्याचा उडवलेला रंग

केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी नाट्यगृहात सगळे तिला छोटीच म्हणत. कारण तिच्याआधी तिथे ताई होती. ताई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण. नेपथ्याची आणि कपड्यांची चित्रं छोटी काढायची, शिवण ताईची. तीस वर्षं दोघींचं असं बिनबोभाट चाललं होतं.

त्या वर्षी नव्या दिग्दर्शकाने एक जुना, गाजलेला ऑपेरा नव्याने करायला घेतला. युद्धावर गेलेल्या राजाकडे डोळे लावून बसलेल्या राणीची गोष्ट.

"राजवाडा नको," तो म्हणाला. "आपली राणी लॉन्ड्रीत कपडे धुते."

छोटीला हुरूप आला. तिने रंगमंचावर बॉयलर उभा केला, तारांवर ओल्या चादरी टांगल्या, राणीला राखाडी डगला चढवला. शेवटच्या अंकात राणीला धुण्याच्या ढिगात स्वतःचा जुना झगा सापडतो, पार विटलेला.

खरा झगा कपाटातच होता. लाल मखमलीचा. पंचवीस वर्षांपूर्वी याच ऑपेरासाठी ताईने आठ महिने डोळ्यांच्या खाचा करून त्यावर जर भरली होती.

"त्याला हात नको लावूस. लांबून तस्साच दिसेल असा दुसरा शिवते, पंधरा दिवस दे," ताई म्हणाली.

"बघू," छोटी म्हणाली. आणि ताई दाताच्या डॉक्टरकडे गेली त्या दुपारी तिने झगा रंग उडवायच्या पाण्यात बुडवला. नव्या कापडाला ते वजन येणार नाही, अशी तिने मनाची समजूत घातली. खरं तर तिला थांबायचा धीर नव्हता.

रंगीत तालमीला ताई तिसऱ्या रांगेत बसली. झगा दिव्याखाली आला तशी पुढे झुकली.

"तोच ना गं हा?"

"हो."

"सांगायचंस तरी. मीच बुडवला असता."



प्रयोग तुफान चालले. वर्तमानपत्रांनी झग्याचं तोंड भरून कौतुक केलं. ताईने मात्र डोळे दुखतात म्हणून काम सोडलं, ते सोडलंच. छोटी माफी मागायला गेली तर "अगं, कापडच ते," म्हणत तिने चहाचं आधण ठेवलं.

अजूनही छोटी दर रविवारी तिच्याकडे जाते. गुडघे, भाचीचा संसार, शेजारणीची भांडणं, सगळ्या गप्पा होतात. नव्या नाटकाची चित्रं पर्समध्ये असतात. सध्या काय चाललंय, एवढं ताई विचारत नाही, आणि आपणहून सांगायला छोटीची जीभ रेटत नाही.